आमची वाटचाल : कॅज्युअल्टीच्या रजिस्टरातून

मी अकरा वर्षं कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स होते. रुग्णालयांना ड्युटीचे तक्ते करून देण्याच्या धंद्यात पडेन असं मनातही नव्हतं. भातलावणीच्या दिवसांतली एक रात्र, ड्युटीवर मी आणि एक मावशी. एकाला फुरसं चावलेलं, मी त्याच्यापाशी अडकलेले. बाकड्यावरचे आजोबा "गॅस झालाय गो बाय, तुझं होऊंदे आधी" म्हणत घाम पुसत होते. छातीत दुखत असेल तर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, हे मला पाठ होतं. त्यांचा निघाला चाळीस मिनिटांनी. आजोबा वाचले, पण सकाळी घरी आल्यावर माझा डोळा लागेना. नंतर रजिस्टर पाहिलं तर त्या रात्रीचे पेशंट फक्त सात. कागदावर ती शांत रात्र होती.

रजिस्टरात ड्रेसिंगलाही एक ओळ आणि सर्पदंशालाही एकच. ड्रेसिंग दहा मिनिटांत उरकतं. सर्पदंशात मात्र आधी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, नळी वीस मिनिटं न हलवता ठेवायची आणि गुठळी होते का ते बघायचं. नाही झाली तर प्रतिविषाच्या दहा कुप्या. आत पूड असते. एकेका कुपीत पाणी सोडून ती हलक्या हाताने फिरवायची, फेस येऊ द्यायचा नाही. ड्रिप सुरू झाली की रिअ‍ॅक्शन येते का म्हणून उशाशी उभं राहायचं. एक सिस्टर तास-दीड तास तिथेच.

२०१७ साली मी नोकरी सोडली आणि ह्यांच्या मदतीने चिपळुणात एका खोलीत काम सुरू केलं. पहिल्या रुग्णालयात तीन आठवडे घड्याळ घेऊन बसले. कुठल्या कामाला किती मिनिटं, कुठल्या तासाला किती पेशंट, सगळं वहीत. त्यावरून ड्युटीचा तक्ता. एका माणसावर तासाला पन्नास मिनिटांहून जास्त काम आम्ही बांधत नाही. पेशंट काही ठरावीक अंतराने येत नाहीत. हायवेवर एक गाडी उलटली की आठ जण एकदम दारात.

वर्षाचे बारा महिनेही सारखे नसतात. एप्रिल-मेमध्ये आंबा उतरवताना झाडावरून पडलेले, जून-जुलैत साप-विंचू, गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या. वर्षभर एकच तक्ता भिंतीवर असला, तर तो कोकणासाठी केलेला नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमची खोली बुडाली. संगणक गेले, वह्यांचा लगदा झाला. तेव्हापासून प्रत्येक तक्त्याची एक कागदी प्रत इन्चार्ज सिस्टरकडे असतेच.

आज आम्ही पाच जण आहोत, सहा रुग्णालयांचं काम बघतो. मध्यंतरी एका ठिकाणाहून विचारणा आली, "तुमच्या हिशेबाने दोन सिस्टर कमी करून द्या." मी हिशेब केला, एक कमीच पडत होती. तसंच लेखी दिलं आणि ते काम गेलं. पुन्हा विचारलं तरी तेच लिहीन.

सध्या गणपतीचे तक्ते चालले आहेत. सगळ्यात वर आम्ही एकच नाव आधी भरतो: दारातल्या ट्राएज टेबलावरची, म्हणजे आलेल्यांत आधी कुणाला बघायचं ते ठरवणारी सिस्टर. आत कितीही धावपळ असो, रिलिव्हर आल्याशिवाय तिला तिथून उठवायचं नाही. बाकड्यावर घाम पुसत बसलेला माणूस तिलाच दिसणार असतो.