तुम्ही विचारलंत म्हणून: प्रेमळ देव शिक्षा कसा करतो?

शेजारी विचारतात, नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला आलेले विचारतात, आता आमच्याच मंडळीतली तरुण मुलंही विचारतात. मी उत्तर देते आणि दर वेळी समोरच्याला वाटतं, हिने टाळलं.

तर आधी हे ऐका. आजारपणाला मी देवाची शिक्षा म्हणत नाही. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा भेटायला आलेल्या एक बाई कॉटशी उभ्या राहून म्हणाल्या, "प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच ताडन करतो. काही कबूल करायचं राहिलं असेल." आईची वाचा गेली होती, पण कळत सगळं होतं. तिचा डावा हात चादरीची कड चिमटीत धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. मी त्या बाईंना बाहेर नेलं आणि सांगितलं, "परत येऊ नका."

इब्री पत्रात ते वचन आहे, मी कुठे नाही म्हणते? पण जन्मांधाबद्दल 'पाप याचं की आईबापांचं' असं शिष्यांनी विचारलं, तेव्हा येशूने दोन्हीला नाही म्हटलं, तेही बायबलातच आहे. आपल्या नाशिकच्या शरणपुरात, मिशनच्या वस्तीत, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत वारलेल्या लिव्हिंग्स्टन या मिशनरी संशोधकाच्या शवासोबत इंग्लंडला गेला. त्याला लहानपणी गुलाम केलं, ते कुठल्या पापाचं ताडन?

मग देव सुधारतो कसा? येशूचा शिष्य पेत्र, त्याला सुधारलं तसा. येशूला पकडून नेलं त्या रात्री कोळशाच्या विस्तवाशी शेकत पेत्राने 'मी त्याचा नाही' म्हणत येशूला तीनदा नाकारलं होतं. पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी येशूने कोळशाच्याच विस्तवावर मासळी ठेवली, भाकर दिली. न्याहारी झाल्यावर मग विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा. तिसऱ्यांदा पेत्राला लागलं. लागायलाच हवं होतं. पण खाऊ घालून झाल्यावर, आणि मेंढरं त्याच्याच हाती सोपवत.

इथवर माझं पक्कं होतं. पण आईला बोलता यायला लागलं तसं तिने आधी मावशीला बोलावून घेतलं. वाटणीवरून दोघींचा अबोला होता. नंतर मला म्हणाली, "त्या बाईला तू उगाच घालवलंस. प्रभूने धरलं मला."

मी चिडले. "अबोला सोडवायला देव तुझा हात लुळा करेल?"

"हात त्याने नेला असं मी कुठे म्हणते? मी पडले तेव्हा तो तिथे होता, आणि त्याने तुझ्या मावशीचं नाव काढलं."

यातली माया कुठली आणि शिक्षा कुठली, मला वेगळं काढता येत नाही. त्या बाईंना मात्र मी आजही दारातूनच परत पाठवीन. आईला ते पटत नाही.