सतरा एकांची संख्या

सांगलीतल्या एका महाविद्यालयात मी गणित शिकवतो. एका तासाला देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या डेम्लो संख्यांवर मी थोडे अवांतर बोललो, ११११ चा वर्ग १२३४३२१ कसा येतो ते दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी तासगावहून एस.टी.ने येणारी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी वही घेऊन हजर झाली. नुसते एक मांडून होणाऱ्या संख्यांपैकी दोन, एकोणीस आणि तेवीस एकांच्या संख्या मूळ आहेत, हे तिने वाचले होते. "सर, मग सतरा एकांची?" ३ पासून ९९७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने तिने भागून पाहिले होते. १६७ भागाकार, आणि प्रत्येकाला बाकी उरलेली.

शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी ती संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकली आणि तिला शंभराने भाग जातो असे सांगून टाकले. स्प्रेडशीट पंधराच सार्थ अंक राखते, म्हणून पडद्यावरच्या संख्येच्या शेवटी दोन शून्ये आली होती. एककस्थानी एक असलेल्या संख्येबद्दल असे बोलताना गृहस्थ क्षणभरही अडखळले नाहीत.

मी तिला फळ्याकडे नेले. या संख्येचा प हा मूळ विभाजक असेल, तर १० च्या सतराव्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते. १७ मूळ आहे, म्हणून त्याहून लहान घाताला ही बाकी येणार असेल तर ती पहिल्याच घाताला, म्हणजे १० लाच, यायला हवी, आणि तसे फक्त ३ ने भागल्यावर होते. पण अंकांची बेरीज १७ असल्यामुळे प म्हणजे ३ नव्हे, म्हणून १७ पेक्षा लहान घाताला ही बाकी येत नाही. आणि फर्माच्या लहान प्रमेयानुसार १० च्या (प − १) व्या घाताला बाकी १ च उरते, म्हणून प − १ ला १७ ने भाग गेलाच पाहिजे. प विषम आहे, म्हणजे ३४ नेही. तिच्या १६७ भागाकारांपैकी १०३, १३७, २३९ असे अवघे १० कामाचे होते.

तरीही वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे साडेदहा कोटींपर्यंत, हाताने जाणे शक्य नव्हते. पायथॉन या संगणकभाषेत चार ओळी लिहिल्या आणि ३४ च्या ६०९३३ व्या पटीत एक मिळवल्यावर विभाजक सापडला : २०७१७२३. दुसरा अवयव ५३६३२२२३५७.

सकाळचा प्रकार पाहिलेला असल्यामुळे तिचा यंत्रावर विश्वास बसेना. तिने खडू घेतला आणि सगळा गुणाकार फळ्यावर मांडला. एककात १ आला. दशकात ७ आणि ४ मिळून अकरा, एक लिहिला, हातचा एक. शतकात ०, १, ९ आणि तो हातचा, पुन्हा अकरा. उजवीकडून डावीकडे सतरा एक उमटेपर्यंत पुढच्या तासाची मुले दारात ताटकळत होती, आणि मी त्यांना आत घेतले नाही.

जाताना ती म्हणाली, "सर, हे आधी कळले असते तर १५७ भागाकार वाचले असते."

ते प्रमेय मी जुलैतच शिकवले होते. तिच्या त्याच वहीत, मागच्या बाजूला, ते चौकटीत लिहिलेले होते आणि शेजारी माझ्या सांगण्यावरून नोंद होती : दोन गुण, फक्त विधान.