स्पार्स गप्प, तरी लॉक चुकलेला: ओलावा-ड्रायव्हरची पुढची खबर

स्पार्स म्हणजे लिनक्स कर्नलचा कोड न चालवता तपासणारा प्रोग्राम. उसाच्या शेतातल्या ओलावा-सेन्सरच्या ड्रायव्हरवरची ‘डिफरंट लॉक कॉन्टेक्स्ट्स फॉर बेसिक ब्लॉक’ ही स्पार्सची वॉर्निंग एकदाची गेली. खरा बग मात्र त्यानंतर सापडला.

आधी वॉर्निंग. बफर उपसणारं फंक्शन इंटरप्टमधून (हार्डवेअरने मध्येच दिलेल्या हाकेतून) कॉल होतं तेव्हा लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारं कुलूप, घेतलेला नसतो, रीडमधून होतं तेव्हा असतो. म्हणून त्यात एक बूल (हो/नाही व्हेरिएबल) होता: लॉक नसेल तर बफ_लॉक घ्यायचा आणि शेवटी त्याच अटीवर सोडायचा. चालताना काही बिघडत नाही. पण स्पार्स दोन अटींची सांगड घालत नाही. तो प्रत्येक वाटेवर नुसती मोजणी करतो. वाटा जिथे मिळतात तिथे एकीवर १, दुसरीवर ० आलं की ओरडतो. अक्वायर्स-रिलीजेस ही लेबलं (हे फंक्शन लॉक घेतं किंवा सोडतं, असं स्पार्सला सांगणारी) लावून हे सुटत नाही, कारण ती फंक्शनच्या दोन टोकांबद्दल बोलतात, मधल्या फाट्याबद्दल नाही. फंक्शन फोडणं हाच उपाय. आतल्या भागाच्या नावाला _लॉक्ड जोडा, त्यावर मस्ट_होल्ड (लॉक आधीच घेतलेला हवा, असं सांगणारं लेबल) लावा, पहिल्या ओळीत लॉकडेप_असर्ट_हेल्ड. बाहेरच्या फंक्शनने लॉक घ्यायचा, आतलं कॉल करायचं, सोडायचा. बूल गेला.

मस्ट_होल्ड लावलं की कॉलरचा लॉक स्पार्स तपासेल ना, असं निपाणीकरांनी विचारलं होतं. उत्तर इथेच: मस्ट_होल्ड असलं तरी कॉलरने लॉक घेतलाय का, हे स्पार्स तपासत नाही. ते लॉकडेपचं, म्हणजे कर्नल चालताना लॉक तपासणाऱ्या यंत्रणेचं काम. चाचणीच्या कर्नलमध्ये त्यासाठीचा प्रूव्ह_लॉकिंग हा पर्याय चालू ठेवा.

आता बग. ‘मेक सी=२’ (सगळ्या फाइलींवर स्पार्स चालवणारी आज्ञा) एकदम शांत. स्मॅच या कोड तपासणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामने मात्र ‘इनकन्सिस्टंट रिटर्न्स’ म्हणून कॉन्फिग_लॉक या दुसऱ्या लॉकवर बोट ठेवलं, लॉक्ड कुठे आणि अनलॉक्ड कुठे त्या ओळींसकट. सेट_रेटमध्ये कॉन्फिग_लॉक घेतला जातो, पण एररचं गोटू (कोडमधली थेट उडी) ज्या लेबलवर जातं तिथे बफ_लॉक सुटतो! स्पार्सच्या हिशेबी एक घेतला, एक सोडला, बाकी शून्य. लॉक कोणता, हे तो बघतच नाही. शिवाय आपल्या ६.१२ कर्नलमध्ये म्युटेक्स_लॉकवर (म्युटेक्स हा लॉकचा आणखी एक प्रकार) अक्वायर्स-रिलीजेसची लेबलंच नाहीत, त्यामुळे म्युटेक्सच्या कोडवर स्पार्सच्या शांततेला काही अर्थ नाही.

स्मॅच गिटमधूनच बांधा, पॅकेजच्या नादी लागू नका. त्याचा डेटाबेस बनायला तासन्‌तास लागतात, आणि पावसाळ्यात खानापूरकडे करंट कधी जाईल सांगता येत नाही. बेळगावात यूपीएसवरच्या मशीनवर बनवून स्मॅच_डीबी.एसक्यूलाइट फाइल कॉपी करून घ्या; कर्नलची आवृत्ती आणि कॉन्फिग मात्र तीच हवी. मग रोजच्या कामाला एका फाइलवर स्मॅचची केचेकर ही स्क्रिप्ट पुरते.

पुढे सगळ्या फंक्शन्सना अक्वायर्स-रिलीजेसची लेबलं लावायची ठरली होती. त्यापेक्षा सेट_रेटमध्ये स्पिनलॉक_आयआरक्यूसेव्हचा (इंटरप्ट बंद करून लॉक घेणारा) गार्ड टाकलेला बरा. रिटर्न होताच लॉक सुटतो, चुकीच्या लेबलवर जायला गोटूच उरत नाही. एकाच फंक्शनमध्ये गार्ड आणि अनलॉकचं गोटू मिसळू नका. गार्डचं आपोआप सुटणं स्पार्सला उमगत नाही, म्हणून ती फंक्शन्स स्मॅचकडेच.

आणि हे लिहितानाच सुचलं: कोक्सिनेल या कोडमधले नमुने शोधणाऱ्या साधनाच्या, कर्नलमधल्या लॉक्स फोल्डरमधली मिनी_लॉक आणि फ्लॅग्ज ही दोन स्क्रिप्टं आधी चालवायला हवीत. एकच फ्लॅग्ज व्हेरिएबल (इंटरप्टची आधीची स्थिती ठेवणारं) एकात एक असलेल्या दोन आयआरक्यूसेव्हना वापरलंय का, ते दुसरी पकडते, आणि रीडच्या वाटेवर तसंच काहीसं दिसतंय.