आमची वाटचाल: वर कारखाना, खाली वाडीची बाव

देवगड तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, चिऱ्यांनी बांधलेल्या शेडमध्ये आमचा आंब्याचा पल्प आणि कोकम आगळ करण्याचा छोटा कारखाना आहे. सुरुवात घराच्या पडवीत झाली. सासूबाई आमसुलं घालायच्या, मी बाटल्या भरायचे, हे मुंबईच्या गाडीवर खोकी चढवायचे. मग कर्ज, पल्पर, बॉयलर. कोकणातल्या बऱ्याच घरांची हीच गोष्ट आहे, म्हणून ती लांबवत नाही. आम्हाला बदललं ते सांडपाण्याने.

मे महिन्यात कॅनिंगचा जोर असतो. क्रेट, आंबे, टाक्या, फरशी, सगळं दिवसभर धुवत राहायचं. त्या पाण्यात गर, साखर, सालींचे तुकडे आणि थोडा कॉस्टिक सोडा. आंब्याचंच पाणी, जमिनीला खतच मिळतं, असं आम्ही मनापासून मानायचो. शेडमागे खड्डा खणला होता. संध्याकाळी भरलेला खड्डा सकाळी रिकामा दिसायचा आणि आम्हाला बरं वाटायचं. कागदपत्रं करून देणाऱ्या सल्लागारानेही "शोषखड्डा चालतो" असं सांगितलं होतं.

दुसऱ्या हंगामानंतर, मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर, उताराखालच्या वाडीतल्या काकी कळशी घेऊन वर आल्या. ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "बाये, बावीचा पाणी बघ गो. भात शिजवलंय तर काळो पडता." त्यांच्या विहिरीच्या पाण्यावर तांबूस साय होती, लोखंडाचा वास येत होता. मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना.

एका भूजल अभ्यासकाला बोलावलं. त्यांनी सांगितलेलं मी विसरू शकत नाही. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. पाणी त्यातून झरझर उतरतं आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यात, विहिरीत निघतं. गाळलं जायला वेळच मिळत नाही. पाण्यातली साखर खाताना जीवाणू जमिनीतला ऑक्सिजन संपवतात आणि मग दगडातल्या लोह-मँगनीजच्या ऑक्साइडवर जगू लागतात. घट्ट बसलेलं लोह त्यामुळे पाण्यात विरघळतं. विहिरीत हवा लागली की तेच गंजून तांबूस साय धरतं. अमेरिकेत मिशिगनमध्ये फळप्रक्रियेचं पाणी शेतात सोडल्यावर असंच घडलं होतं, असंही ते म्हणाले. आम्ही लोखंड ओतलं नव्हतं. साखर ओतली होती, लोखंड सड्याने दिलं. आणि पाऊस सगळं धुऊन नेतो ही आमची समजूत तर उलटीच निघाली. तो वरचं खाली ढकलतो.

खड्डा त्याच आठवड्यात बंद केला. वाडीला आमच्या खर्चाने दुसऱ्या विहिरीवरून नळ दिला. मग मी 1974 चा जल प्रदूषण कायदा वाचायला बसले. त्यात 'प्रवाह' या शब्दाच्या व्याख्येत भूगर्भातलं पाणीही येतं आणि कलम 24 नुसार प्रवाहात, विहिरीत किंवा जमिनीवर प्रदूषक सोडायला मनाई आहे. आमचा खड्डा पहिल्या दिवसापासूनच चुकीचा होता.

आता पाण्याआधी गर उचलतो. फरशी रबरी पट्टीने खरवडून गर-साली गोबरगॅसला जातात, बाठे रोपवाटिकावाले कोय कलमांसाठी नेतात. एवढ्यानेच पाण्याची घाण खूप उतरली, आणि हे मला कुणी आधी का सांगितलं नाही याचं आजही वाईट वाटतं. उरलेलं पाणी जाळीतून एका टाकीत जातं. तिथे त्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते) बघून दुरुस्त करतो. पुढे हवा सोडलेल्या टाकीत जीवाणू काम करतात. अडचण हंगामाची. आमचा कारखाना दीड-दोन महिने जोरात चालतो आणि पुढच्या हंगामापर्यंत उपाशी जीवाणू मेलेले असतात. म्हणून मार्चअखेरीस शेण आणि दुसऱ्या प्लांटचा गाळ घालून त्यांना पुन्हा वाढवतो. कोकमाचं खारट पाणी मात्र या टाकीत घालत नाही, कारण जीवाणू मीठ खात नाहीत. ते छपराखालच्या, तळ अस्तर केलेल्या उथळ हौदात सुकवतो.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जीवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप. झाडांना द्यायच्या पाण्यासाठी तो लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आत हवा, ओढ्यात सोडायचं तर 30. आकडे योग्यच आहेत. पण ते पाइपच्या तोंडाशी मोजले जातात. एका गुंठ्यावर किती पाणी पडतं, खाली माती किती खोल आहे, हे त्यांतून कळत नाही. सड्यावर माती वीतभर. माझी कळकळीची मागणी एवढीच आहे की कारखाना सुरू होण्याआधी उताराखालच्या विहिरींचे नमुने घ्यावेत आणि पुढे दरवर्षी घ्यावेत. आमच्याकडे आधीचा नमुना असता, तर वाडीला आपली तक्रार पटवत बसावं लागलं नसतं.

आता मे महिन्यात आणि पुन्हा पाऊस सुरू झाल्यावर आम्ही काकींच्या बावीचं पाणी तपासतो, कागद त्यांच्याच घरी ठेवतो. लोह कमी होतंय, पण अजून हवं तेवढं नाही. काकी ते पाणी माडांना घालतात. भातासाठी अजून नळाचंच वापरतात.