दोन मोटरींच्या इंजिनात डीसीसी डिकोडर बसवताना: माझा अनुभव

कॅसलरॉक ते कुळे हा घाटाचा चढ ३७ला १ असा आहे आणि बेळगावातील घरी मी उभारलेल्या मॉडेल रेल्वेच्या एचओ मापाच्या (१:८७) मांडणीतही मी तोच ठेवला आहे. मालगाडी त्यावरून ओढता यावी म्हणून डब्ल्यूडीजी-४ या मालवाहू डिझेल इंजिनाच्या माझ्या प्रतिकृतीत प्रत्येक बोगीला (चाकांच्या जोड्यांच्या फिरत्या चौकटीला) स्वतंत्र मोटर आहे. एका मोटरीच्या इंजिनात डीसीसी डिकोडर, म्हणजे रुळांतून येणारे डिजिटल आदेश वाचून मोटर चालवणारे छोटे सर्किट, बसवताना अडचण मुख्यतः जागेची असते. येथे मात्र एकूण करंट आणि दोन मोटरींची जुळणी या दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात.

उद्यमबागेत मोटरी रिवाइंड करणाऱ्या एका काकांना मी इंजिन दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "डिकोडरचं नंतर बघा, आधी चाकं धरून करंट घ्या." त्याप्रमाणे १२ व्होल्ट देऊन, चाके क्षणभर दाबून धरून प्रत्येक मोटरीचा करंट मोजला. तो ०.६ अँपिअरच्या आसपास भरला, म्हणजे दोन्ही मिळून १.२, त्यामुळे १ अँपिअरचा डिकोडर बाजूला ठेवून मी २ अँपिअरचा घेतला.

त्यानंतर दोन्ही बोग्या समान व्होल्टेजवर वेगवेगळ्या चालवून पाहिल्या. मागची हळू चालत होती, कारण तिच्या गिअरमधील जुने ग्रीस घट्ट झाले होते. ते साफ करून हलके तेल दिल्यावर फरक जवळजवळ उरला नाही. फरक राहिला असता, तर दोन डिकोडर एकाच पत्त्यावर (इंजिनाला हाक मारण्याच्या क्रमांकावर) ठेवून प्रत्येकाचा वेग सीव्ही (डिकोडरमधील बदलता येणाऱ्या सेटिंग) २, ५ आणि ६ मधून जुळवावा लागला असता. परंतु बॅक-ईएमएफ (मोटरीचा प्रत्यक्ष वेग ओळखून तो स्थिर ठेवण्याची सोय) चालू असलेले दोन डिकोडर आपापल्या मोटरीचा वेग स्वतंत्रपणे सुधारत राहतात आणि बोग्या एकमेकींना ओढू लागतात, म्हणून मोटरी जुळत असतील तर एकच डिकोडर आणि समांतर जोडणी मला अधिक योग्य वाटते.

सर्वांत जास्त काळजी मोटर चासीपासून वेगळी करण्यात घ्यावी. मोटरीचे एक टोक धातूच्या चासीला टेकलेले असेल आणि तसेच राहिले, तर रुळांवरची वीज थेट डिकोडरच्या मोटर-आउटपुटवर येऊन तो जळू शकतो. मी कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशन टेप) लावली आणि मोटरीची दोन्ही टोके व चाके यांच्यात कोठेही संपर्क नाही, हे मल्टिमीटरने तपासले. मगच उजव्या रुळाच्या पिकअपला (रुळावरून वीज घेणाऱ्या संपर्काला) लाल, डाव्याला काळी, आणि मोटरींना नारिंगी व करडी वायर सोल्डर केली. मागची बोगी उलट दिशेने बसलेली असल्याने तिच्या मोटरीवर नारिंगी व करडी यांची अदलाबदल करावी लागते. नाहीतर दोन्ही बोग्या परस्परविरुद्ध धावतात. पिकअप मात्र दोन्ही बोग्यांतून घेतले. आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत रूळ लवकर मळतात, तेव्हा याचा फार उपयोग होतो.

पहिली चाचणी प्रोग्रामिंग ट्रॅकवरच (डिकोडरच्या सेटिंग वाचण्या-बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) घ्यावी, कारण तेथे करंट मर्यादित असतो आणि जोडणीत दोष असला तरी डिकोडर वाचण्याची शक्यता राहते. मूळचा ३ हा पत्ता वाचला गेला, तेव्हा जोडणी बरोबर असल्याची खात्री पटली. त्यानंतर चार अंकी पत्ता दिला, सीव्ही ३ वाढवून सुरुवात संथ केली आणि भरलेल्या वाघिणी जोडून इंजिन चढावर चालवले. वर पोहोचल्यावर डिकोडर हाताला फक्त कोमट लागला, म्हणून वरचे कवच त्याच दिवशी बसवले.