अस्तंब्याच्या ऋषीला तेल

दिवाळीत बाहेरगावी असलेली माणसं घरी येतात. शहादा-तळोद्याकडची पोरं मात्र धनत्रयोदशीच्या सुमारास घर सोडून सातपुड्यात शिरतात. सातपुड्यातल्या अस्तंबा शिखरावर अश्वत्थाम्याची यात्रा असते. यंदा आमच्या गल्लीतल्या जत्थ्याबरोबर मीही निघालो. पाठीवर दादर ज्वारीच्या भाकरी, ठेचा, घरच्या फराळातली शेव आणि बॅटरी.

तळोदा सोडून कोठारपर्यंत चाल सरळच आहे. पुढे डोंगर सुरू होतो. पावसाळा नुकताच सरलेला, गवत कमरेपर्यंत वाढून पिवळं पडलेलं. पाड्यांच्या आजूबाजूला मका, ज्वारी आणि आंब्याची जुनी झाडं. धडगावकडचा आमचूर होतो तो अशाच झाडांच्या कैऱ्यांचा. दिवसा ऊन भाजून काढतं आणि रात्री वर गेलं की दात वाजतात. बरेच जत्थे रात्रीच चालतात. सगळ्या उतरणीवर बॅटऱ्यांची रांग हलत असते आणि मधूनच कुठल्या तरी वळणावरून आरोळी उठते, ‘अश्वत्थामा की जय!’

ही आरोळी मला पहिल्यांदा चमत्कारिक वाटली. ज्याने रात्री झोपेत द्रौपदीची पाच मुलं मारली, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं, त्याचा जयजयकार? महाभारताने त्याला काही सोडलेलं नाही. कपाळावरचा मणी गेला आणि कृष्णाने शाप दिला : ३००० वर्षं रक्तापुवाच्या वासासकट निर्जन रानांत भटकशील, सोबतीला कुणी नसेल, बोलायलाही कुणी मिळणार नाही. चिरंजीवांच्या श्लोकात पहिलं नाव त्याचंच, पण असं चिरंजीवपण कोण मागेल?

इथल्या भिल्ल-पावरा लोकांसाठी तो ऋषी आहे. रात्री डोंगरात चकवा लागला तर तो वाट दाखवतो आणि कपाळाच्या जखमेवर लावायला तेल मागतो, असं सांगतात. आमच्या जत्थ्यातल्या आबांनी त्यासाठी तेलाची बाटली आणली होती. ‘आबा, त्यानं एवढी पोरं मारली,’ मी म्हटलं. ते म्हणाले, ‘मारी व्हतीन. पन घाव आजून वला शे ना, भो.’ त्यावर मला काही बोलता आलं नाही. शापात एकटेपण लिहिलेलं आणि इथे दरवर्षी गुजरात, मध्य प्रदेशातूनसुद्धा माणसं त्याला हाका मारत येतात. कृष्णाचा शाप या डोंगराने मोडीत काढलाय, असं मला तरी वाटतं.

तिकडे बऱ्हाणपूरजवळ असीरगडावरही तो येतो म्हणे, पहाटे महादेवाच्या पिंडीवर ताजं फूल वाहून जातो. असीरगड म्हणजे फारुकी सुलतानांच्या खान्देशाचा बळकट किल्ला, १६०१ मध्ये अकबराने घेतलेला. जुन्या खान्देशाच्या पूर्वेला तो आणि पश्चिमेला अस्तंबा. भटक्याने रान निवडलं ते आपलंच.

शेवटचा चढ अंगावर येतो. शिखर सुमारे १३२५ मीटर उंच, आणि वर जागा एवढीशी की एक जत्था उतरल्याशिवाय दुसऱ्याला उभं राहता येत नाही. सभामंडप, कळस असलं काही डोळ्यांत भरणारं नाही. नारळ, अगरबत्ती, शेंदूर आणि वारा. दक्षिणेला तापीचं सपाट खोरं, उत्तरेला नर्मदेकडे डोंगरामागे डोंगर. धक्काबुक्की झाली, एकाची टोपी दरीत गेली, त्यावर हसणंही झालं. आबांनी बाटलीतलं थोडं तेल वाहिलं, हात जोडले आणि लगेच मागच्यांना जागा करून दिली.

उतरताना खरी परीक्षा असते. मुरुमावरून पाय सटकतो, गवताला धरावं तर मुळासकट हातात येतं. अर्ध्या वाटेत सगळेच बसले. आबांनी उरलेली बाटली काढली.

‘ऋषीले पुरनं,’ ते म्हणाले, ‘आते आपला गुडघासले.’