तुम्ही विचारलंत म्हणून: संघ कुणी फोडला?

विहारात व्याख्यान संपलं की प्रश्न येतोच, "सर, बौद्ध भिक्खूंचा संघ पैशावरूनच फुटला ना? आणि फोडणारे महासांघिकच ना?" मी "इतकं सरळ नाही" म्हणतो, आणि विचारणाऱ्याला वाटतं मी उत्तर टाळतोय. टाळत नाही. एकदा नीट सांगतो. महासांघिक म्हणजे थेरवाद्यांहून वेगळा असलेला एक प्राचीन बौद्ध भिक्खुपंथ.

वैशालीची हकिकत चुल्लवग्गात, म्हणजे पाली विनयाच्या (भिक्खूंच्या नियमग्रंथाच्या) एका भागात आहे. महापरिनिर्वाणाला 100 वर्षं झाली होती. यश काकंडकपुत्त हे भिक्खू तिथे आले तो उपोसथाचा, म्हणजे भिक्खूंनी एकत्र जमून नियम म्हणण्याचा दिवस. तिथल्या वज्जिपुत्तक भिक्खूंनी काशाचं भांडं पाण्यानं भरून मधोमध ठेवलेलं, आणि उपासकांना सांगणं चाललेलं: संघासाठी कहापण (नाणं) टाका, अर्धा टाका, मासक (छोटं नाणं) टाका. यश म्हणाले, देऊ नका. लोकांनी दिलेच. रात्र सरल्यावर वाटणी झाली, त्यांच्यापुढेही वाटा ठेवला गेला. त्यांनी तो नाकारला, तर शिक्षा त्यांनाच: श्रद्धावान उपासकांना दुखावलंत, जाऊन क्षमा मागा. ते गेले आणि उपासकांना बुद्धवचन ऐकवलं. ढग, धुकं, धूर-धूळ आणि राहू चंद्रसूर्याला झाकोळतात. तसं मद्य, मैथुन, सोनं-रुपं आणि मिथ्या उपजीविका श्रमणाला. उपासक म्हणाले, शाक्यपुत्रीय श्रमण तुम्ही एकटेच. तेव्हा भिक्खू त्यांच्यावर बहिष्कार घालायला जमले. सगळ्या आवासाविरुद्ध (भिक्खूंच्या वस्तीविरुद्ध) एकटा माणूस. हे शिकवताना मला आजही थांबावं लागतं.

पुढचं थोडक्यात: 700 भिक्खूंची सभा, त्यात रेवत, सब्बकामी हे ज्येष्ठ भिक्खू, आणि पैसा घेण्यासकट वज्जिपुत्तकांचे दहाही वत्थू (वादाचे मुद्दे) अमान्य.

पूर्वी मी इथेच व्याख्यान संपवायचो. यशांविषयी जे बोललो त्यातलं अक्षरही मागे घेणार नाही. पण चुल्लवग्गही इथेच संपतो. फुटीचा उल्लेखही नाही. हरलेल्यांनी वेगळी महासंगीती (मोठी धर्मसभा) भरवली, आणि तेच महासांघिक, हे श्रीलंकेचा पाली इतिहासग्रंथ दीपवंस सांगतो. तो कितीतरी शतकांनंतरचा, आणि थेरवादी परंपरेचाच. महासांघिकांच्या स्वतःच्या विनयातही वैशालीची हकिकत आहे, आणि तिथेही पैसा घेणं निषिद्धच ठरतं! मग ते पैशावरून फुटले असं कसं म्हणू? शारिपुत्रपरिपृच्छा या महासांघिकांच्या ग्रंथात तर उलटंच: थेरांना (ज्येष्ठ भिक्खूंना) विनय वाढवायचा होता, बहुसंख्यांनी, म्हणजे महासांघिकांनी, जुना धरून ठेवला. सर्वास्तिवादी ग्रंथकार वसुमित्र वाद नेतो अर्हताकडे (मुक्त झालेल्या भिक्खूकडे), त्याच्यात अज्ञान, शंका उरते का, इथे.

कार्ल्याच्या लेण्यात महासांघिकांना दिलेल्या दानांचे लेख आहेत. ती लेणी आपली म्हणून मिरवायची आणि ज्यांना ती दिली त्यांना फुटीर म्हणायचं, हे मला जमत नाही.

तरी मन यशांकडेच ओढतं. ते गप्प बसले असते तर विनय सैल झाला असता. पण एका सीमेत (विहाराच्या ठरलेल्या हद्दीत) दोन उपोसथ सुरू झाले की संघ फुटलाच, मग बरोबर कोणीही असो. सारनाथ, सांची, कौशांबीच्या लेखांत अशोक बजावतो की भेद पाडणाऱ्याला पांढरी, म्हणजे गृहस्थाची, वस्त्रं नेसवून आवासाबाहेर ठेवा. त्या आज्ञेपुढे वैशालीचे यश कुठे उभे राहिले असते, हे मला अजून ठरवता येत नाही.